एकच अ‍ॅम्ब्युलन्स

मोटारसायकलच्या शर्यतीत दादा सुरक्षा अधिकारी आणि मी वळणावरचा झेंडेवाला. आज घसरलेली एक बाइक थेट दादाच्या अंगावर आली. त्याला उचलून अ‍ॅम्ब्युलन्समध्ये ठेवलं, तेव्हा तो डोळे उघडत नव्हता आणि कानातून रक्त येत होतं. पण ड्रायव्हर गाडी काढेना. म्हणाला, "साहेबांचा हुकूम नाही."

मी धावत शर्यतीच्या प्रमुखाकडे गेलो. तो पाहुण्यांच्या घोळक्यात सँडविच खात उभा होता.

"साहेब, गाडी सोडा! दादा हातचा जाईल हो!"

"सोडतो की. थोड्याच फेऱ्या राहिल्यात. आपल्याकडे अ‍ॅम्ब्युलन्स एकच. ती मैदानाबाहेर गेली की शर्यत थांबवावी लागते."

"मग थांबवा ना! दाखवू का लाल झेंडा?"

"पाहुण्यांसमोर? वेडबिड लागलंय का तुला?" त्याने अंगठ्याला लागलेला सॉस चाटूनपुसून साफ केला. मग माझ्या खांद्यावर तोच हात ठेवून तो समजुतीच्या सुरात म्हणाला,



"आणि अ‍ॅम्ब्युलन्सशिवाय शर्यत नाही, हा नियम माझ्याशी भांडभांडून कोणी करून घेतला? तुझ्या दादानेच ना?"