चाकांपुरती जागा

वडील गाडीची किल्ली मुठीतून सोडायला तयार नव्हते. टायरची हवा तपासायची आहे असं सांगून मुलीनं त्यांना इथवर आणलं होतं, आणि समोर भिंतभर चाकं टांगलेली होती. चकाकणारी, काळी, जाळीची, पाकळ्यांची. त्यांच्यापुढं बाहेर उभ्या असलेल्या जुन्या हिरव्या पिकअपची चाकं चहाच्या बश्यांसारखी दिसत होती.

"म्हणजे फसवून आणलंस," वडील म्हणाले.

मुलगी दातांची डॉक्टर. तोंड न उघडणाऱ्याला कसं बोलतं करायचं हे तिला ठाऊक होतं, पण बापापुढं ती विद्या चालत नसे. त्यांनी जन्मभर लोकांची कपाटं, पलंग, तिजोऱ्या या गाडीतून वाहिल्या. तिच्या दवाखान्यातली पहिली खुर्चीही याच गाडीतून आली. आता काम थांबलं होतं आणि गाडी फक्त आईला फिरवायला बाहेर निघायची. मुलीला त्यांना एकदा तरी काहीतरी द्यायचं होतं आणि त्यांनी ते घ्यायला हवं होतं. मागं दिलेलं घड्याळ त्यांनी जावयाला देऊन टाकलं होतं. कोटाची तर अजून घडी मोडली नव्हती.

दुकानाचा मिस्त्री एकेक चाक दाखवत गेला आणि वडील एकेक नाकारत गेले. चाक चालण्यासाठी असतं, बघण्यासाठी नाही. उतारवयात गाडीला कसले दागिने? आणि एवढाल्या चाकांचं ओझं ओढायचं की मालाचं? आई गाडीतच बसून होती. खिडकीतून तिनं, निदान ऐकून तरी घ्या, असं दोनदा सांगून पाहिलं.

शेवटी मिस्त्री म्हणाला की, मोठी चाकं घालायची तर एक काम आधी करावं लागेल. मडगार्डची आतली कड वर दाबून घ्यावी लागेल, नाहीतर खड्ड्यात टायर तिला घासेल.

"झालं," वडील लगेच म्हणाले. "पत्रा ठोकायचा, रंग उडायचा. राहू दे." आणि ते गाडीकडं निघालेसुद्धा.

पण मिस्त्री त्यांच्याआधी पोहोचला होता. त्यानं मडगार्डखाली हात घातला, थांबला, वाकून पाहिलं. मग गाडीला वळसा घालून चारही ठिकाणी हात घातला.

"काका, कड तर दाबलेलीच आहे. कुणी केलं हे?"

वडील दुकानातल्या पंख्याकडं बघायला लागले.

मिस्त्रीला मात्र कौतुक आवरेना. असं काम आता कोणी करत नाही, तो सांगू लागला, आता यंत्र आलंय. पूर्वी टायर आणि कडेच्या मध्ये एक गोल लाकूड अडकवायचे आणि गाडी हळूहळू ढकलायचे. लाकूड फिरत जायचं, कड दबत जायची.

"केवढं लाकूड?" आईनं खिडकीतून विचारलं.

मिस्त्रीनं दोन हातांत अंतर धरून दाखवलं. आईनं त्या हातांमधल्या रिकाम्या जागेकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं.

"माझं शिसवी लाटणं," ती म्हणाली. "उंदरानं कुरतडलं म्हणाला होतात."

वडिलांची नजर पंख्यावरून हलली नाही.

"हिरवा रंग लागला होता त्याला. मी आपली महिनाभर घरात हिरवा उंदीर शोधत होते."

मिस्त्री पान्हा शोधायचं निमित्त करून आत गेला. मुलगी पोट धरून हसली. मग तिनं विचारलं, ही कधीची गोष्ट.

"तू पोटात होतीस," आई म्हणाली.

मुलीचं हसू थांबलं. वडिलांनी किल्ली या हातातून त्या हातात घेतली.

"एका गॅरेजात मोठी चाकं पाहिली होती," ते म्हणाले. "म्हटलं, आधी जागा करून ठेवू. चाकं पुढच्या महिन्यात घेऊ." थोडं थांबून म्हणाले, "मग राहून गेलं."

का राहिलं ते कोणी विचारलं नाही. मुलीनं खाली बसून मडगार्डच्या आत बोट घातलं आणि कडेवरून सावकाश फिरवलं, जसं रोज कुणाच्या तरी हिरडीवरून फिरवते. रंगाखाली कड जागोजाग खालीवर लागत होती. ती उठली तेव्हा बोट काळं झालं होतं. तिनं ते पुसलं नाही.

"बाबा, कुठली घ्यायची ते तुम्ही सांगा."

वडिलांनी खिडकीकडं पाहिलं. "गाडी उंच होईल. हिला चढता यायचं नाही. हिचे गुडघे..."

"मिस्त्री," आईनं आत हाक मारली, "मला एक पायरी लावून द्या. आणि यांना चाकं."

वडिलांनी किल्ली मुलीच्या हातात दिली. भिंतीवरच्या चकाकणाऱ्या चाकांकडं त्यांनी पाहिलंही नाही. ते सरळ आत कोपऱ्यात गेले. तिथं जमिनीवर एक मोठं, साधं, राखाडी चाक टेकवून ठेवलेलं होतं. दुकानात शिरतानाच ते त्यांच्या नजरेत भरलेलं असावं. त्यांनी तळवे पँटला पुसले. कपाट उचलताना वाकत तसे गुडघ्यांत वाकले, पाठ ताठ केली, श्वास रोखला आणि जोर लावला.

चाक एकदम छातीपर्यंत वर आलं. ते एक पाऊल मागं गेले. मिस्त्री धरायला धावला, पण त्यांनी मान हलवून त्याला थांबवलं.

"हे तर हलकं आहे," ते मुलीला म्हणाले, आणि चाक खाली न ठेवता तसेच उभे राहिले.