भरपाईचा आरसा

दंगलीत समोरच्या, दुसऱ्या जमातीच्या न्हाव्याचं दुकान जळलं आणि भरपाईत त्याला भिंतभर आरसा मिळाला. इकडच्या न्हाव्याचं पोट तेव्हापासून दुखत होतं. "आपलं दुकान शाबूत राहिलं, हेच चुकलं," तो बायकोला म्हणायचा.

समेटात ठरलं होतं, दोघांनी एकमेकांची दाढी करायची. म्हणून आज तो त्या नव्या आरशासमोर बसला. आरशात पाठीमागचा रस्ता आणि पलीकडचं त्याचं स्वतःचं दुकान दिसत होतं. छपरातून धूर निघत होता.

तो गर्रकन वळला. दुकान शाबूत होतं, दारात बायको केर काढत होती.

त्याने पुन्हा आरशात पाहिलं. दार पेटलं होतं, तरी बायको केर काढतच होती.

"मान हलवू नका, दादा," त्याच्या गळ्यावर वस्तरा टेकवत, आरशात बघत समोरचा न्हावी म्हणाला. "थोडंच राहिलंय."