घड्याळजींचे ओले हात

“मी नाही येणार,” घड्याळजी म्हणाले आणि डोळ्याला भिंग लावून पुन्हा उघड्या घड्याळात शिरले.

“बाबा, डॉक्टरांची वेळ घेतलीय मी. पाण्याच्या ट्रेमध्ये हात ठेवायचे, त्यातून हलकासा करंट सोडतात. काही आठवड्यांत हात एकदम कोरडे!” लेक सुट्टीसाठी घरी आली होती आणि आल्यापासून तिने हाच धोशा लावला होता.

“इतकी वर्षं घाम आला, आता कोरडे करून काय लोणचं घालायचंय?”

लेकीने आईकडे पाहिलं. आई दुकानाच्या मागच्या बाजूला कुणाचीशी पँट आखूड करत बसली होती. “जाऊन या की हो,” ती म्हणाली. आवाज सरळ ठेवला, पण हातातला टाका वाकडा पडला.

कारण घाम तिच्याही हातांना यायचा, आणि घड्याळजींना त्याचा पत्ता नव्हता.

शाळेत तिच्या वह्या ओल्या व्हायच्या. तुरटी झाली, चहाचं पाणी झालं, पावडरीचे डबे झाले. घाम काही हटला नाही. पुढे एका मुलाने हौसेने तिचा हात हातात घेतला, लगेच सोडला आणि आपला हात पँटला पुसला. पुन्हा फिरकलाही नाही. त्या दिवशी तिने ठरवलं, हात कुणाच्या हातात द्यायचाच नाही.

मग घड्याळजी भेटले. एकदा रस्ता ओलांडताना गाडी भरधाव आली आणि त्यांनी तिचा हात घट्ट धरला. तिला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. ती हात सोडवणार, तोच ते ओशाळून म्हणाले, “माफ करा हं. माझ्या हाताला भारी घाम येतो. लहानपणापासूनची कटकट आहे.”

तिला हसूही आलं आणि रडूही. दोन ओले हात एकमेकांत असले की कुणाचा घाम कुठला, ते कोण बघतंय? झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या एका वाक्यावर तिने लग्न केलं.

घड्याळजींनी आपला घाम कधी लपवला नाही. उलट गावभर सांगितला. कुणी हात पुढे केला की हेच आधी पुढे व्हायचे. “अहो, आमच्या घरात हात मिळवू नका, चिंब व्हाल!” माणसं हसायची आणि तिचाही हात वाचायचा. ते बाहेर निघताना दोन हातरुमाल घ्यायचे. “एक तू धर गं, माझ्या खिशात मावत नाही.” घामावरचं औषध ते स्वतःसाठी आणायचे आणि निम्मी बाटली ती गुपचूप संपवायची. बाटली इतक्या लवकर कशी संपते, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. भोळा माणूस.

तिच्या सुया गंजायच्या, त्यांचे चिमटे मात्र लखलखीत. तेलाचा हात मारत असतील, असं तिला वाटायचं. तापात त्यांनी कपाळावर हात ठेवला तेव्हा तो कोरडा लागला होता. तिच्यासाठी पुसून आले असतील, म्हणून त्या तापातही तिला भरून आलं होतं.

आता त्यांचे हात खरंच कोरडे झाले, तर दुसऱ्याच दिवशी तिचं बिंग फुटणार होतं. ते टाकून देतील, रागावतील, असली भीती नव्हती. भीती एवढीच होती, की कधीतरी नकळत ते हात पँटला पुसतील.

“लोक हसतात गं त्यांना,” लेक हळूच म्हणाली.

ते तिच्या काळजाला लागलं. आपल्या झाकल्या मुठीपायी या माणसाने जन्मभर हसू करून घ्यायचं? तिने सुई खोचून ठेवली आणि खुंटीवरचा शर्ट त्यांच्यापुढे धरला. “उठा. मीही येते.”

घड्याळजींनी भिंग काढून तिच्याकडे पाहिलं. “तूसुद्धा?” म्हणाले आणि शर्ट घेऊन उठले.

दवाखान्यात लेक बाहेर थांबली. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, “आधी आयोडीन लावते. ते वाळलं की वर ही पांढरी पावडर. जिथे घाम असेल, तिथे निळंकाळं होईल.” बाईंनी त्यांच्या एका हाताला तळव्यापासून मनगटाच्या वरपर्यंत आयोडीन फासलं. ते वाळत आलं तसे घड्याळजी चुळबुळायला लागले. “जाऊ द्या ना,” म्हणत त्यांनी हात मागे घेतला.

“लहान मुलासारखं काय करता?” तिने त्यांचं मनगट पकडलं आणि हात टेबलावर दाबून धरला. बाईंनी पावडरीचा डबा उघडला तेव्हाच सोडला.

पावडर पडली. सगळे वाट पाहत राहिले.

तळव्यावर काहीच उमटलं नाही. एक ठिपकासुद्धा नाही. बाईंनी फुंकर मारली, तर पावडर कोरड्या पिठासारखी उडाली.

“कमाल आहे,” त्या म्हणाल्या.

तिची नजर मनगटावर गेली. तिने धरलं होतं तिथे चार बोटं आणि एक अंगठा, निळेकाळे, ठसठशीत उमटले होते. तिने आपले हात पटकन मांडीवर ओढून घेतले. घड्याळजींनी मोकळ्या हाताने खिशातला दुसरा रुमाल काढला आणि तिच्याकडे न बघता तिच्या मांडीवर ठेवला.

“मुलीने तर लहानपणापासून म्हणून सांगितलंय,” बाई कागद बघत म्हणाल्या. “हा त्रास तुम्हाला नेमका कधीपासून आहे?”

“हिचा हात पहिल्यांदा धरला ना,” घड्याळजी म्हणाले, “तेव्हापासून.”