पोथी धरा!

बुखाऱ्याच्या सिनेगॉगमध्ये त्या शनिवारी सोन्याच्या वासराचा पाठ होता. लोक वासरालाच देव मानून नाचू लागले, तेव्हा मोशेनं देवानं दिलेल्या दगडी पाट्या आपटून फोडल्या, तो. तोराह या ज्यू धर्मग्रंथाची जड पोथी छातीशी धरून निघालेल्या म्हाताऱ्या पिनहासकाकांचे पाय वाटेतच लटपटले.

"पोथी! अरे, पोथी धरा!"

सगळे धावले. पोथी वरच्या वर झेलली, तिचे मुके घेतले.

"थोडक्यात निभावलं! खाली पडली असती तर सगळ्यांना उपास धरावे लागले असते."

फरशीवर आडवे झालेले काका हे बघत राहिले. बऱ्याच वेळानं कुणीतरी खाली वाकलं. "काका, लागलं का हो?"

"लागलं ते जाऊ दे," काका दमल्या आवाजात म्हणाले. "मोशेनं पाट्या का फोडल्या, ते आज कळलं."