तांड्यावरचा तास

मंजुषाच्या गुडघ्याचं ऑपरेशन गुरुवारी ठरलं आणि मधुसूदन सरांनी त्याच गुरुवारी महागावकडे जायचं नक्की केलं.

मंजुषा महिनाभरापासून नागपूरला सलीलकडे, मुलाकडे होती. सरांनी तिला फोनवर समजावलं, हे ऑपरेशन हल्ली साधं असतं, सलील आहे, सून आहे, मी शुक्रवारी पोचतोच. दहावीची परीक्षा तोंडावर आली आहे, तांड्यावरच्या मुलांना आत्ताच भेटायला हवं.

"त्यांना पुढच्या आठवड्यात भेटलात तर नाही चालणार?"

"पुढच्या आठवड्यात उशीर होईल."

"बरं," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

दिग्रसच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर सरांनी समोरच्या खोलीत फळा लावला आणि मोबाइलसमोर उभं राहून गणित शिकवायला सुरुवात केली. पाचवीपासून दहावीपर्यंतचा एकेक धडा. शिक्षकांसाठी वेगळे व्हिडिओ, घरी मुलांचा अभ्यास घेणाऱ्या आईवडिलांसाठी वेगळे. सगळं इंटरनेटवर, सगळं फुकट. ज्याला ट्यूशन परवडत नाही त्याच्यापर्यंत हे पोचावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

ते कुणापर्यंतच पोचलं नाही. जुन्या सहकाऱ्यांनी तोंडावर कौतुक केलं आणि व्हिडिओ उघडले नाहीत. शेजारच्या भगवानरावांनी नातवाला एकदा बळेच बसवलं, तो चटकन उठून गेला. सलीलने सुचवलं, बाबा, छोटे करा, जरा हसतखेळत करा. सर त्याच्याशी बरेच दिवस बोलले नाहीत. मंजुषा नागपूरला निघाली तेव्हा, आता बंद करा आणि सोबत चला, असं तिने म्हणून पाहिलं होतं. सरांनी तेव्हाही फळा पुसून पुढचा धडा लिहायला घेतला होता.

मग काही दिवसांत व्हिडिओ पाहणाऱ्यांचे आकडे हलले. कुणीतरी व्हिडिओ पाहत होतं, एकामागून एक, अंधार पडल्यापासून पहाटेपर्यंत. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. सरांनी आधी यंत्राची चूक धरली. पण एका सकाळी व्हिडिओखाली दोन ओळी आल्या. 'गुरुजी तुमच्या व्हिडिओचा लय फायदा होऊन राह्यला. धरमसिंग, महागावजवळचा तांडा.' खाली नंबर होता.

सरांनी लगेच फोन लावला. धरमसिंग शेतकरी निघाला. तो भरभरून बोलला. रोज लावतो, एक दिवस खाडा नाही, मनावरचा मोठा घोर गेला, असं त्याने सांगितलं. सरांनी विचारलं, कोणता धडा जास्त आवडतो?

"सारेच लावतो, गुरुजी. पन ते त्रिकोनाचं लावलं का काम फत्ते."

त्या दिवसापासून सर बदलले. दाढी रोज होऊ लागली. त्रिकोणावर त्यांनी आणखी व्हिडिओ केले. नागपूरला यायचं मंजुषा विचारी, तेव्हा ते एकच उत्तर देत, इथे माझा वर्ग आहे. दिवसभर कामाला जाणारी, रात्र रात्र जागून शिकणारी ती मुलं त्यांना डोळ्यांसमोर दिसत.

गुरुवारी ते पुसदला गाडी बदलून महागावला उतरले. पिशवीत कंपास पेट्या होत्या आणि पेढे. महागावपासून ऑटोने तांड्यावर पोचले तेव्हा दुपार कलली होती. सलीलचा मेसेज आला होता, आईला आत नेलंय. सरांनी तो वाचला आणि मोबाइल खिशात ठेवला.

धरमसिंगची बायको रुपीबाई त्यांना शेतावर घेऊन गेली. हरभरा घाट्यावर आला होता, पलीकडे लगेच जंगल. धरमसिंग धावत आला आणि पाया पडला. सरांना भरून आलं. नोकरीच्या सगळ्या वर्षांत कुणी एवढ्या मनापासून पाया पडलं नव्हतं.

वर्ग पाहायचा आहे, असं त्यांनी म्हटलं. धरमसिंगने त्यांना धुऱ्याच्या बांधावरून थेट वावराच्या मधोमध नेलं. तिथे उंच बांबूला भोंगा बांधला होता. खाली एका डब्यात मोबाइल होता.

सर भोंग्याकडे पाहत राहिले. म्हणजे फक्त दोनचार मुलंच नव्हती. सगळा तांडा ऐकत होता. डोळे पुसून त्यांनी विचारलं, मुलं कुठं बसतात?

धरमसिंगला प्रश्न नीट उमगला नसावा. आपली पोरं पुण्याला कामाला आहेत, इथे तो आणि रुपीबाई दोघंच, असं त्याने सांगितलं. मग भोंग्याच्या बांबूवर कौतुकाने हात ठेवला.

"पह्यले गाने लावत होतो. पन गान्याची सवय झाली त्याईले. अन् मधात जाहिरात लागली का तेवढ्यात आत घुसत. तुमचं तसं नाही, एकसारखं चालते."

"कोण घुसत?"

"रानडुकरं, गुरुजी," धरमसिंग म्हणाला. "तुमचा आवाज कानावर पडला का माघारी जंगलात पयतात."