घरचा परवाना

"आमच्या रेडिओवर आपलं स्वागत आहे, गंगाराम शेट," आनंदी माईकमध्ये म्हणाली आणि कट्टा गावच्या बाजारातली निम्मी माणसं भाजी टाकून वडाखाली जमली. बाप उमेदवार आणि मुलाखत घेणारी त्याचीच लेक. असा तमाशा फुकटात कोण सोडणार?

रेडिओ कसला, बॅटरीवर चालणारा एक भोंगा. समाजवादी पोरं बाजाराच्या दिवशी तो वडाला टांगत, बातम्या वाचत आणि निवडणुकीला उभ्या राहिलेल्यांना बोलावून सोलून काढत. शाळेत शिकवणारी आनंदी या पोरांची पुढारी होती. गंगाराम शेट अपक्ष उभा होता, निशाणी होडी. सरकारनं माणसाच्या वाटेत येऊ नये, एवढंच त्याचं म्हणणं. त्या भोंग्यासमोर बसू नका, आहेत ती चार मतं पण जातील, असं कार्यकर्त्यांनी परोपरीनं सांगितलं होतं. शेट हसला होता. "माझा चेडू बोलतला आणि मी आयकूक जाव नको?"

"सरकार नसेल तर गरिबाला तांदूळ कोण देईल?" आनंदीनं विचारलं.

"सरकार आसा म्हणान तर तो मिळणा नाय," शेट म्हणाला. "माझ्या शेतातलो तांदूळ माझ्या भयणीक पाठवचो, तर वाटेत शिपाय इचारता, परवानो खंय? चिखलात लावणी करताना ह्यो शिपाय खंय होतो?"

माणसं हसली.

"आणि रस्ते कोण बांधणार?"

"गाव बांधतलो. देवळाकडची दगडी पायऱ्यांची पाखाडी काय सरकारान बांधल्यान?"

आनंदी प्रश्नामागून प्रश्न टाकत होती, मान खाली न घालता. शेटला स्वतःच्या उत्तरांपेक्षा त्याचंच कौतुक वाटत होतं. चेडवाक इतक्या शिकवन काय करतलास, असं विचारायला आलेल्यांना त्यानं चहासुद्धा न देता परत पाठवलं होतं.

"म्हणजे कुणी कुणाकडे परवानगी मागूच नये, असं तुमचं मत?"

"कोणी म्हणजे कोणी नाय. माणूस जन्माक येताना परवानो घेवन येता काय?"

टाळ्या पडल्या. आनंदीनं माईक जवळ ओढला. इतका वेळ ती शाळेतलं मराठी बोलत होती, ते आता सुटलं.

"मगे बाबा, आयेक कुळाराक जावक तुमची परवानगी कित्या लागता?"

कोंबड्या विकणाऱ्या बायकांच्या मागे शेटची बायको मथुरा बसली होती, मांडीवर पिशवी घेऊन. सगळ्या माना तिकडे वळल्या. तिनं पदर सावरला आणि जमिनीकडे बघत राहिली. पिशवीत नारळ होता आणि कुंकवाची पुडी. कुणाच्या तरी हाती तारकर्लीला माहेरी, भावाकडे पाठवून देऊ, म्हणून तिनं ते आताच घेतलं होतं.

"मामाची नवी होडी उद्या पाण्यात जातली," आनंदी म्हणाली. "भयणीन कुंकू लावक व्हया. आयेन तुमका कितकेदा इचारल्यान. तुम्ही सांगलास, निवडणूक आसा, घरात माणसां आसत, चाय कोण करतला?"

गर्दीतून शेटचा कार्यकर्ता धोंडू हातानं खुणावत होता, उठा, निघा. शेट उठला नाही. खोटं बोलायला जागा नव्हती आणि त्याला ते जमतही नव्हतं.

"खरा आसा," तो म्हणाला. मग त्यानं गर्दीवरून बायकोकडे पाहिलं आणि मोठ्या मनानं हात वर केला. "मथुरा, जा गो तू. माझी परवानगी आसा."

"बाबा," आनंदी हळूच म्हणाली, पण भोंग्याला हळू बोलणं ठाऊक नव्हतं. "ही पण परवानगीच झाली."

बाजार पोट धरून हसला. कोंबडीवाल्या तर डोळे पुसायला लागल्या. शेटचे कान तापले. मतं गेली, हे त्याला कळत होतं, आणि धोंडूचा चेहरा बघून ते पुन्हा कळत होतं. लेक मात्र तशीच ताठ उभी होती, बापाच्या डोळ्यांत डोळे घालून. त्यानं तिच्या हातातून माईक घेतला.

"कोणाक भियाव नको, असा ह्या चेडवाक मीच शिकवलंय," तो म्हणाला. "कोणाक म्हणजे बापाशीकसुद्धा नाय, ह्या तेनी बरोबर धरल्यान. तुमची मतां होडयेक घाला नायतर बावडेच्या पाण्यात घाला. पण तुमच्या घरात इतके झील आसत, वंशाचे दिवे, त्यातलो एक तरी असो आसा तर माका दाखवा."

कुणी हसलं नाही. आनंदीनं तेव्हा पहिल्यांदा मान खाली घातली.

तारकर्लीच्या वाटेवरची, मालवणला जाणारी एस.टी. वडासमोर येऊन थांबली. मथुरा उठली. तिनं लुगडं झटकलं, पिशवी उचलली आणि गर्दीतून वाट काढत निघाली. बायकांनी पाय आखडून तिला जागा दिली. तिनं नवऱ्याकडे पाहिलं नाही, लेकीकडेही नाही. कंडक्टरनं दार उघडलं, ती पायरी चढून आत गेली आणि खिडकीशी बसली.

शेट बघत होता. माईक अजून त्याच्या तोंडाशीच होता.

"परत कधी..." एवढंच साऱ्या बाजारावर घुमलं.

त्यानं माईकवर तळहात दाबून धरला. एस.टी. वळणाआड जाईपर्यंत काढला नाही.