टाकलेलं कवच

"खाल्ला माझा झिंगा तुमच्या माशानं!" माशांच्या टाकीच्या तळाशी पडलेलं पारदर्शक कवच दाखवत रेवती थोरल्या जावेवर कडाडली. दोघींत टाकी एकच. एंजल मासा वहिनींचा, लाल झिंगा रेवतीचा.

"अगं, थांब, ते नुसतं—"

"मी कशाला थांबू? या घरात माझं काहीच तुम्हाला बघवत नाही!" रेवतीनं जाळी उचलली, मासा पकडला आणि खिडकीत टपलेल्या मांजरापुढे भिरकावला. वहिनी आत गेल्या. त्यांनी दाराला कडी लावली.

बरी जिरवली, असं म्हणत रेवती टाकीकडे वळली, तर लाकडाच्या ओंडक्यामागून तिचा झिंगा हळूच बाहेर आला. अंगावर नवं, कोवळं कवच, रंग पहिल्याहून लाल. जुनं कवच त्यानं स्वतःच टाकलं होतं. वहिनी तेच सांगत होत्या.

आता वहिनी बाहेर येतील, झिंगा बघतील आणि काहीसुद्धा बोलणार नाहीत. त्या गप्प राहण्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

कडी वाजली. रेवतीनं घाईघाईनं जाळी पुन्हा पाण्यात घातली. मांजर अजून खिडकीतच होतं.